अभियान संपल्यानंतरचा सोमवार

नगरपरिषदेत कोण काय करतं हे गावाला माहीत असतं. घरपट्टीचा क्लार्क, पाणीपुरवठ्याचा फिटर, जन्म-मृत्यूची खिडकी, बांधकामाचा इंजिनिअर. समुदाय संघटक असंही एक पद असतं, हे मात्र फक्त वस्त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनाही त्या नावानं नाही. बाया मला 'गटाच्या मॅडम' म्हणायच्या. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत मी कंत्राटी पद्धतीनं हे काम करत होते. शहरी गरिबांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून माझं मानधन यायचं.

काम काय, तर दहा ते वीस बायांचा बचतगट बांधायचा, बँकेत खातं उघडून द्यायचं, गट नीट चालायला लागला की दहा हजारांचा फिरता निधी, म्हणजे बायांनी आपसात कर्जाऊ फिरवायचे पैसे, मिळवून द्यायचा. असे दहा-वीस गट मिळून वस्तीस्तर संघ; त्याला पन्नास हजार. कुणाला धंद्यासाठी कर्ज हवं असेल तर त्याची फाइल करायची, ७ टक्क्यांच्या वरचं व्याज अभियान भरायचं. तरुण पोरापोरींना मोफत प्रशिक्षण, फेरीवाल्यांचं सर्वेक्षण, बेघरांसाठी निवारा, हेही सगळं यातच. कागदावर हे घटक वेगळे, त्यांचे अहवाल वेगळे. वस्तीत ते एका घरात सापडतात. सासू भाजीची गाडी लावते आणि गटात असते, सून शिवणाच्या वर्गाला येते, आणि भांडून घराबाहेर पडलेला चुलत सासरा निवाऱ्यात झोपतो.

सगळ्यात जास्त वेळ जायचा तो कुठल्याच घटकात न लिहिलेल्या कामात. आधारवर नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं, म्हणून बँकेतून परत आलेली फाइल. हप्ता चुकला म्हणून गटात तोंड न दाखवणारी बाई. बँकेत साहेबांसमोर गप्प होणारी आणि बाहेर पडल्यावर पायरीवर सगळं घडाघडा सांगणारी बाई. तिच्याबरोबर आत जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसलं, की ती स्वतःच बोलायची. मला काहीच बोलावं लागायचं नाही. पण त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

३० सप्टेंबर २०२४ ला अभियानाची मुदत संपली. नव्या योजनेची चाचणी देशातल्या २५ शहरांत सुरू झाली, त्यात आमचं गाव नव्हतं. ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची आचारसंहिता लागली, निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस आले. तोवर आम्ही 'पुढील आदेशापर्यंत' काम करत होतो. फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेत नवं कर्ज देण्याची मुदतही ३१ डिसेंबरला संपली. मग १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात फेरीवाल्यांना ३० हजार मर्यादेचं, यूपीआयला जोडलेलं क्रेडिट कार्ड देणार असं जाहीर झालं. ते टीव्हीवर ऐकून बाया विचारायला आल्या, तेव्हा माझ्याकडे द्यायला दहा हजारांच्या कर्जाचा अर्जसुद्धा नव्हता. आणि जाब विचारायला त्यांना नगरसेवकही नव्हता. निवडणुका रखडल्यामुळे नगरपरिषदेवर प्रशासक होते.

मला सांगायचाय तो दिवस २४ फेब्रुवारी २०२५. महाशिवरात्र दोन दिवसांवर होती, सोमवार होता, म्हणजे आमच्या गावचा बाजार.

सकाळी टेबलावर पत्र होतं. निधीअभावी कंत्राटास मुदतवाढ देता येत नाही, कार्यालयीन वेळ संपण्यापूर्वी पदभार अमुक लिपिकाकडे सोपवावा. ज्यांच्याकडे सोपवायचा ते जन्म-मृत्यूच्या खिडकीवरचे दादा. त्यांच्याकडे आधीच विवाह नोंदणी होती आणि निवडणूक आली की मतदार यादी. ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, मला यातलं काहीच कळत नाही. पासवर्ड तेवढा लिहून द्या आणि कपाटाच्या किल्ल्या." चांगला माणूस. कपाटात दीडशेच्या वर गटांच्या फाइली होत्या. त्यातल्या कुठल्या गटात भांडण आहे, कुठल्या गटाची अध्यक्षा सही करते पण हिशेब दुसरीच ठेवते, कुठल्या बाईच्या घरी दारू पिणारा मुलगा आहे आणि म्हणून तिचं कर्ज बँकेतून थेट व्यापाऱ्याच्या खात्यात टाकायचं, यातलं काही फाइलीत नव्हतं.

आम्ही यादी करायला बसलो. अकरा वाजायच्या सुमारास आक्कांचा फोन. आक्का म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या वस्तीस्तर संघाच्या अध्यक्षा. "मॅडम, मशिनी न्यायलेत बगा. टेम्पो आलाय."

समाजमंदिरात शिवणकामाचा वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाला होता. अभियान प्रशिक्षण संस्था नेमायचं, संस्था मशिनी आणि शिक्षिका आणायची, शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन परीक्षा घ्यायचा आणि मग प्रमाणपत्र मिळायचं. संस्थेला पैसे टप्प्यानं मिळायचे, आणि मोठा हिस्सा परीक्षेनंतर. पोरींचे तास पूर्ण झाले होते. परीक्षेची तारीख काही पडत नव्हती. संगणकावर बॅच 'चालू' दिसायची आणि विचारायला फोन केला की पलीकडचा माणूस बदललेला असायचा. बिल अडकलं म्हणून संस्थेनं शिक्षिकेचा पगार थांबवला, जानेवारीत वर्ग बंद झाला. आता संस्थेचे सर मशिनी उचलायला आले होते.

मी पोचले तेव्हा दारात पंधरा-वीस पोरी उभ्या होत्या. कुणीतरी अफवा उठवली होती की आज प्रमाणपत्रं वाटणार, म्हणून काही जणी चांगली साडी नेसून आल्या होत्या. हमालांनी दोन मशिनी टेम्पोत चढवल्या होत्या. एक पोरगी, विशीची असेल, लेकरू कडेवर, टेम्पोच्या फळीला हात लावून उभी होती. ही वर्गातली सगळ्यात हुशार. ब्लाउजचं कटिंग एकदा बघून करणारी. नवऱ्यानं टाकल्यावर आईकडे राहत होती, आणि तालुक्याच्या एका रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात तिला घ्यायला तयार होते, पण प्रमाणपत्र घेऊन ये म्हणाले होते. तिनं सरांना एकच विचारलं, "सर, परीक्षा तरी घ्या. नापास करा. पण घ्या."

सरांनी मान खाली घातली. मला त्यांचा राग आला नाही, अजूनही येत नाही. हॉलचं भाडं, शिक्षिकेचे पैसे, मशिनीवरचं कर्ज हे सगळं त्यांनी आधी खिशातून घातलं होतं. छोट्या संस्थांचं असंच असतं. सरकारी बिलाच्या भरवशावर त्या उधारीत काम सुरू करतात, आणि योजना मध्येच थांबली की पहिल्यांदा त्या बुडतात, मग त्यांच्याबरोबर वर्ग.

आक्का समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या. वय साठीच्या पुढे. १९९७ मध्ये सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना आली तेव्हापासून त्या यात आहेत. त्याआधीची नेहरू रोजगार योजनाही त्यांना आठवते. त्या म्हणाल्या, "दर डावाला एक नवी पोरगी येती, आमच्याकडून शिकती, शहाणी होती, अन् मग योजना बंद होती. परत नवं नाव, परत नवी पोरगी. मॅडम, तुमाला बी पत्र आलं म्हणं?" मी हो म्हणाले. वस्तीत बातमी माझ्या आधी पोचली होती.

मग त्यांनी सरांना हाक मारली. "या मशिनी नेऊन करणार काय?"

"विकणार, आक्का. देणेकरी दारात बसलेत."

"केवढ्याला?"

इथून दिवस फिरला. सर म्हणाले, नव्या मशिनीची गोष्ट वेगळी, पण या सहा महिने पोरींच्या हाताखाली राबल्यात, साडेतीन हजारांना एक गेली तरी पुरे. आक्का म्हणाल्या, पाच ठेवून जा, पैसे संघ देईल. संघाच्या खात्यात पैसे होते. पण संघाचे पैसे अध्यक्षा एकटी देऊ शकत नाही, आणि आक्कांनी ते तसं कधी दिलेही नसते. सभा पाहिजे, कोरम पाहिजे, ठराव पाहिजे. सरांनी चारपर्यंत थांबायचं कबूल केलं. टेम्पोवाल्याला चहा पाजला आणि थांबल्याचे जादा पैसे कबूल केले.

बाजाराच्या दिवशी दुपारी संघाची सभा भरवणं म्हणजे काय, ते बाजार करणाऱ्यालाच कळेल. प्रत्येक गटाच्या दोन प्रतिनिधी संघात असतात आणि त्यातल्या निम्म्या बाजारात गाडी लावून बसलेल्या. आम्ही बाजारात गेलो. कोथिंबीर विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी उठले तर काटा कोण धरील?" ती कडेवर लेकरू असलेली पोरगी म्हणाली, मी धरते. आणि बसली खरंच. बांगड्यावालीच्या जागी तिची भाची, मिरच्यांच्या ढिगापाशी शेजारची. अशा एकेक करत बाया समाजमंदिरात आल्या. हातात पिशव्या, पदराला मिरचीचा वास.

सभा सोपी झाली नाही. संघाच्या कोषाध्यक्ष, ज्यांना सगळे चाची म्हणतात, उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ये पैसा कर्जे का है. मशिनीचा नाही." त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. यादीत पुढचं नाव एका बाईचं होतं, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. साडेसतरा हजार मशिनीत घातले तर तिचं कर्ज दोन-तीन महिने पुढे जाणार. ती बाई सभेत बसलेली होती. चाचींनी पुढे विचारलं, मशीन बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, वीजबिल कुणाच्या नावावर, आणि गणवेशाचं काम मिळालंच नाही तर?

गणवेशाचा मुद्दा आक्कांचा. २०२४-२५ च्या वर्षाला राज्यभर एकसारखा गणवेश, कापड वरून आणि शिलाई बचतगटांकडून, असा कार्यक्रम झाला होता. कपडे कुठे उशिरा पोचले, कुठे मापात बसले नाहीत, अशा तक्रारी राज्यभर होत्या. डिसेंबरमध्ये शासनानं तो निर्णय फिरवून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. आक्कांनी ते पेपरात वाचून घेतलं होतं. त्यांचं गणित साधं: समिती म्हणजे पालक, पालक म्हणजे आपणच. वस्तीतल्या दोन शाळांच्या समित्यांवर आपल्या गटातल्या बाया आहेत. जूनच्या आत काम मागू.

बराच वेळ कुणी कुणाला मागे हटेना. मी इतिवृत्त लिहीत होते आणि मत देत नव्हते, कारण मला मत नव्हतं, संघाला होतं. शेवटी नर्सिंगच्या फीवाली बाईच बोलली. म्हणाली, फीचा दुसरा हप्ता जुलैत आहे, मला जूनच्या अखेरीस द्या, चालेल. पण ठरावात तसं लिहा. चाचींनी अट घातली की मशीन वापरणारी प्रत्येक जण दिवसाचे पैसे संघात भरेल आणि दुरुस्तीसाठी वेगळी पेटी ठेवायची. लिहिलं. सह्या झाल्या, तिघींचे अंगठे. सरांनी पाच मशिनी उतरवल्या, पावती दिली, आणि कापायचं मोठं टेबल 'असू द्या' म्हणून तसंच ठेवलं.

निधी नसताना सरकार काय वाचवतं, याचा मी त्या सभेनंतर फार विचार केला आहे. या साडेसतरा हजारांचा निर्णय त्या बायांनी दीड-दोन तासांत घेतला. त्यात वाद, अट, हमी, नोंद सगळं आलं. हे त्यांना कुणी एका कार्यशाळेत शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं दर महिन्याला बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, असं कुणीतरी मागे लागून करून घेतलेलं होतं. माझ्या आधीच्या मॅडमनी, त्यांच्याही आधीच्या कुणी. त्या 'कुणीतरी'चं मानधन हे नगरपरिषदेच्या खर्चातलं सगळ्यात लहान कलम, आणि पहिलं कापलं गेलं तेच. जुने गट त्याशिवाय काही काळ चालतील. नवा गट मात्र आपोआप उभा राहत नाही.

सभा चालू असतानाच निवाऱ्याच्या काळजीवाहकाचे तीन फोन येऊन गेले होते. निघताना मी दादांना फोन केला की पदभार द्यायला उशीर होतोय. ते म्हणाले, मी थांबतो. मग मला वाटलं, यांना फाइली दाखवून काय उपयोग. म्हटलं, दादा, गाडी घेऊन निवाऱ्यावर या, पदभार तिथंच देते.

निवारा एसटी स्टँडमागे, नगरपरिषदेच्या जुन्या शाळेत. नियमाप्रमाणे तो चोवीस तास आणि बारा महिने उघडा असावा लागतो. चालवणाऱ्या संस्थेचं बिल अडकलं होतं, पण काळजीवाहक पगार नसताना येत होते, आणि जेवण शेजारच्या खानावळीतून उधारीवर येत होतं. एका म्हाताऱ्या बाबांची पायाची जखम चिघळली होती. साखरेचा आजार, तेलुगू आणि थोडं हिंदी बोलणारे, कुठल्या तरी गाडीतून चुकून इथं उतरलेले. दिवसाआड त्यांना उपजिल्हा रुग्णालयात ड्रेसिंगला न्यावं लागायचं. रिक्षावाला नेईल, पण केसपेपर काढायला आणि रांगेत उभं राहायला माणूस लागतो.

काळजीवाहकांनी पेपराचं एक कात्रण भिंतीला चिकटवलं होतं. १२ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या याचिकेवर सुनावणी झाली, त्याची बातमी. केंद्रानं सांगितलं की शहरी गरिबी निर्मूलनाचं नवं अभियान अंतिम टप्प्यात आहे आणि त्यात बेघरांच्या निवाऱ्याचाही विचार आहे. न्यायालयानं विचारलं, किती वेळ लागेल? काळजीवाहकांनी त्या प्रश्नाखाली पेनानं रेघ ओढली होती.

दादा आले. त्यांनी बाबांचा पाय बघितला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं, मग परत बघितलं. मी त्यांना आत फिरवलं. हा पोरगा हॉटेलात भांडी घासतो, याचं आधार काढायचं राहिलंय. या आजींचा मुलगा शेजारच्या तालुक्यात आहे, दिवाळीला येऊन नेतो म्हणाला होता, त्याचा नंबर हा. या दोघी रात्री आतल्या खोलीत, कडी आतून, किल्ली काळजीवाहकांकडेसुद्धा नाही. दादांनी खिशातून डायरी काढली आणि लिहून घेऊ लागले. ड्रेसिंगचे वार लिहिले. मग विचारलं, "डॉक्टरांना काय म्हणून सांगायचं? मी कोण म्हणून?"

"नगरपरिषदेतून आलोय म्हणायचं. तेवढं पुरतं."

तिथल्याच बाकावर बसून आम्ही पदभाराच्या यादीवर सह्या केल्या. शेवटची नोंद मी हातानं वाढवली: शिवणवर्गाची परीक्षा प्रलंबित, उमेदवारांची यादी सोबत. दादा म्हणाले, याचं मी काय करू? म्हटलं, दर महिन्याला एक पत्र पाठवा आणि जावक क्रमांक त्या पोरींना सांगा. त्यांना कळू दे की कुणीतरी विचारतंय.

त्या दिवसानंतर मी दुसरी नोकरी धरली, पण संघाच्या बैठकीला बोलावलं की जाते. मशिनी चालू आहेत. दोन शाळांपैकी एकीच्या समितीनं गणवेशाचं काम दिलं, दुसरीनं बाजारातून तयार घेतले. नर्सिंगची फी ठरल्याप्रमाणे जूनच्या अखेरीस गेली. ऑगस्टमध्ये स्वनिधीला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदत मिळाली आणि पहिलं कर्ज १५ हजारांचं झालं, तेव्हा दादांचा फोन आला, "ताई, नावात फरक असलेल्या फाइलींना तुम्ही काय जोडायच्या?" मी सांगितलं. ते जोडतात. पण खिडकी सोडून बायांबरोबर बँकेत जाणं त्यांना शक्य नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही. निवाऱ्यातल्या बाबांना ते पहिले काही आठवडे स्वतः घेऊन गेले. नंतर काळजीवाहक न्यायला लागले. ती पोरगी संघाच्या मशीनवर ब्लाउज शिवते. कारखान्यात तिला प्रमाणपत्राशिवाय धागे कापायच्या कामावर घेतलं असतं, तिनं नाही म्हटलं.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेच्या निवडणुका झाल्या. प्रचाराला वस्तीत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आक्का आणि चाची समाजमंदिरात बसवत आणि एक कागद पुढे करत. त्यावर तीन मागण्या: रखडलेली परीक्षा, निवाऱ्याचं थकलेलं बिल, आणि नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून पगार मिळणारी एक समुदाय संघटक. कुणी हसून टाळायला लागलं की चाची विचारत, पाणीपट्टी आम्ही भरतो ना? सगळ्या पक्षांच्या उमेदवारांनी सह्या केल्या. तो कागद संघाच्या इतिवृत्ताला जोडलेला आहे आणि नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीत तो वाचायला लावायचा, असा ठराव झाला आहे.